काही विकत घेऊ नकोस, नुसता ये

वाळपई, गोवा
रविवार रात्र

प्रिय बाबू,

फोनवर तू म्हणालास आई मी पण येतो डिसेंबरात तुमच्या त्या बुशक्राफ्टच्या, म्हणजे रानातली कामं शिकायच्या, मीटला, मला इतका आनंद झाला की भात करपला, आणि दहा मिनिटांत व्हॉट्सॲपवर तुझी यादी आली. चाकू, छोटी कुऱ्हाड, हॅमॉक, ती काळी किटली, फोल्डिंगची करवत, एकूण साडेबारा हजार. ऑर्डर केली नसशील तर करू नकोस, केली असशील तर कॅन्सल कर. फोनवर तुझं अर्धं लक्ष लॅपटॉपमध्ये असतं म्हणून लिहून पाठवतेय, येताना बसमध्ये वाचलंस तरी चालेल पण सगळं वाच.

मी या सगळ्यात कशी पडले ते तुला कधी पूर्ण सांगितलंच नाही. २०२१ च्या मे मधलं तौक्ते वादळ आठवतं ना, तू पुण्यात अडकलेला, इथे कोविडमुळे सगळं बंद आणि त्यात हा वारा. आपल्या वाड्यावर लाईट गेली ती चार दिवस आलीच नाही, आणि तिसऱ्या दिवशी सिलिंडर संपला. मागच्या पडवीत चूल होती पण लाकडं भिजून चिंब. मी अर्धी काडेपेटी संपवली, वर्तमानपत्र जाळलं, डोळे लाल झाले, नुसता धूर. तेव्हा आजी उठून आली, ऐंशीच्या घरातली बाई, काही बोलली नाही, कोयता घेतला आणि एक लाकूड उभं चिरलं, मग आणखी बारीक चिरलं, नारळाचं सोडण हातानं पिंजत बसली, आणि पाच मिनिटांत चूल पेटली. पेज ठेवली आणि मला म्हणाली, "तुका दाखोवं गो?" मी म्हटलं नको, येतं मला, आज लाकडं भिजलीत म्हणून.

मला येत नव्हतं रे. लग्न होऊन आले तेव्हापासून गॅसवर रांधतेय, चूल पेटवायची ती आजीनंच. तिनं नंतरही दोनदा विचारलं, दोन्ही वेळा मी नको म्हटलं. पुढच्या वर्षी ती गेली.

म्हणून जेव्हा शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं की काही मुलं महिन्यातून एकदा रविवारी रानातली कामं शिकवतात, आग, चाकू, गाठी, ताडपत्रीचं छप्पर, नवशिक्यांनी पण यायचं, तेव्हा मी दुसऱ्याच रविवारी गेले. इथून अर्ध्या तासावर एकांची काजूची बाग आहे, त्यांची परवानगी घेऊन तिथे जमतात. अभयारण्यात नाही हं. म्हादई अभयारण्य आपल्या उंबऱ्यावरच आहे पण वन्यजीव कायद्यानं तिथे आग लावायला बंदी आहे, आणि ते बरोबरच आहे. २०२३ च्या मार्चमध्ये काय झालं ते मी आपल्या गच्चीवरून बघितलंय, रात्री डोंगरावर लाल रेघ, दिवसा नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी टाकतायत. तेव्हापासून कोणी नुसती विडी टाकली तरी माझ्या पोटात गोळा येतो.

तर पहिल्या दिवशी मी काय केलं ते ऐक, कारण तू पण हेच करशील अशी मला भीती आहे. बारा जण होतो, मी सगळ्यात मोठी, बाकीची तुझ्या वयाची पोरं, एक फोंड्याची मुलगी कॉलेजातली, दोघे म्हापशाचे. चाकूचे नियम सांगितले, की हात लांब करून गोल फिरायचं आणि त्या रिंगणात कोणी नको, पात्याची धार अंगापासून लांब चालवायची, मांड्यांच्या मधे धरून कधीच तासायचं नाही कारण मांडीची मोठी शीर कापली तर माणूस काही मिनिटांत जातो. मग विचारलं, कोणाला पुन्हा बघायचंय का? मला बघायचं होतं. मला अंगठा कुठे ठेवायचा तेच कळलं नव्हतं. पण तीस वर्षं वर्गात उभं राहून शिकवणारी बाई पोरांच्या समोर हात कसा वर करणार, म्हणून गप्प बसले, आणि दहाव्या मिनिटाला डाव्या हाताची तर्जनी कापून घेतली. फार नाही, पण रक्त थांबेना. ती खूण अजून आहे, तू आलास की दाखवीन.

पट्टी बांधली ती त्या फोंड्याच्या मुलीनं. बांधता बांधता म्हणाली, काकी, मी पहिल्या तीन मीटला फक्त विचारतच होते. एवढंच. मला घरी येईपर्यंत आजीचं "दाखोवं गो" ऐकू येत होतं.

दुसऱ्या वेळी गेल्या गेल्या सांगितलं, मला काहीच येत नाही, पहिल्यापासून दाखवा. आणि बाबू, कोणी हसलं नाही, उलट दोघं तिघं आणखी म्हणाले आम्हाला पण. त्या दिवशी मला आग पेटवता आली, काडेपेटीशिवाय.

ते कसं ते नीट सांगते कारण यातच सगळं आहे. आपल्याला वाटतं आग म्हणजे ठिणगी, पण ठिणगी सगळ्यात शेवटी, आधी तासभर नुसतं गोळा करायचं. काडीएवढं बारीक, पेन्सिलीएवढं, अंगठ्याएवढं, असे तीन ढीग, आणि पुरेसं झालं असं वाटलं की त्याच्या तिप्पट. जमिनीवर पडलेलं घ्यायचं नाही, ते ओल धरतं, झाडावर अडकून राहिलेली सुकी फांदी घ्यायची, मोडताना कट्ट असा आवाज आला पाहिजे. आणि लाकूड भिजलेलं असलं तरी ते बाहेरूनच भिजतं, उभं चिरलं की पोटात कोरडं निघतं. हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी हातातलं काम थांबवून बसले. आजी कोयत्यानं लाकूड का चिरत होती ते मला तेव्हा कळलं, मी तिच्या बाजूला उभी राहून बघितलं होतं आणि काही दिसलं नव्हतं.

मग घरटं करायचं. सुक्या सोडणाचा काथ्या दोन्ही तळव्यांत चोळायचा, चोळत राहायचा, त्यातला भुसा गळून जातो आणि केसांसारखी किशी राहते, ती सुगरणीच्या घरट्यासारखी वळायची. मधे खळगा, त्यात सावरीचा कापूस (आपल्या जुन्या उशीतला मी काढून नेला), बाहेरून माडाच्या चुडतीच्या सुक्या पानाच्या चिरफळ्या. कापूस ठिणगी लगेच पकडतो पण भस्सकन जळून संपतो, काथ्या धुमसत राहतो आणि पान ज्वाळा धरतं, एकाचं काम दुसऱ्याला जमत नाही. ठिणगीला फेरो रॉड असतो, म्हणजे लायटरमधला जो खडा तोच मोठा दांडीसारखा, चकमकीचा दगड नव्हे, धातूंचं मिश्रण आहे, १९०३ साली कार्ल आउअर फॉन वेल्सबाख नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं काढलं, त्याची ठिणगी ३००० अंशांच्या आसपास जाते. सगळे नवशिके रॉड धरून ठेवतात आणि पात्यानं जोरात खाली ओरखडतात, मग हात जाऊन घरट्यावर आपटतो आणि सगळं विस्कटतं, माझं चार वेळा विस्कटलं. उलटं करायचं असतं. पातं घरट्याच्या अगदी वर स्थिर धरायचं आणि रॉड मागे ओढायचा. पाचव्या वेळी कापूस पेटला, मी घरटं दोन्ही हातांत उचललं, तोंडासमोर जरा वर धरलं, खालून लांब फुंकर घातली, धूर आधी पातळ मग पिवळट दाट झाला आणि एकदम हातात जाळ. डोळ्यात पाणी आलं ते धुरानं असं मी सगळ्यांना सांगितलं.

विझवणं त्याहून महत्त्वाचं आणि तिथे मी तुला जराही सूट देणार नाही. पेटवायच्या आधी मीटरभर पाला साफ करून माती उघडी करायची, मुळांवर आग नको, मुळं आतल्या आत धुमसत जातात आणि दुसऱ्या दिवशी भलतीकडे पेटतं. पाण्याची बादली आधी, काडी नंतर. शेवटी पाणी ओतायचं, काठीनं ढवळायचं, परत ओतायचं, आणि तळहात उलटा करून राखेवर धरून बघायचा, ऊब लागली तर अजून विझलेलं नाही. चुलीला नदीतले गोटे घ्यायचे नाहीत, आतलं पाणी तापून ते फुटतात, बांबूचं बंद पेर पण तसंच. आणि काजूची बाग आहे म्हणून गंमत म्हणून कोणी बिया आगीत टाकेल तर तू त्याला अडव, टरफलातलं तेल उडून कातडी भाजते ते तुला माहीत आहेच, पण शहरातल्या पोरांना माहीत नसतं.

गाठींचं मला सगळ्यात सोपं गेलं, शिवणकामामुळे असेल. निरगाठ आणि सुरगाठ हे शब्द तू लहानपणी बुटाच्या लेसवरून शिकलास, रानात सगळी करामत त्यातच आहे, ताडपत्रीची दोरी अशी बांधायची की वाऱ्यात हलणार नाही पण सकाळी एक टोक ओढलं की सुटली पाहिजे. त्याची इंग्रजी नावं चार पाच आहेत, तिथे शिकशील. ताडपत्री बांधताना आधी वर बघायचं, सुकी फांदी आहे का, आणि माडाखाली तर नाहीच नाही. पाणी फडक्यातून गाळून खळखळून उकळायचं, उकळी फुटल्यावर एक मिनिट तरी. ओळखीचं नसेल ते तोंडात घालायचं नाही, काजऱ्याचं ते नारिंगी फळ बघितलंस तर किती गोड दिसतं, आणि त्यात कुचल्याचं विष.

आता जे मला खरंच काळजीचं वाटतं ते. डिसेंबर ते मे माकडतापाचे दिवस. आपल्या सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माणसं आजारी पडलीयत, काजू गोळा करणारी जास्त, गेलेली पण आहेत, आपल्या ओळखीतल्या घरात झालेलं आहे. तो गोचिडींमुळे होतो आणि गोचीड पाल्यात असते, सुकी पानं दिसली म्हणून बसलास असं करायचं नाही, खाली प्लास्टिक घालूनच बसायचं. फुलपँट मोज्यात खोचायची, लांब बाह्या, आरोग्य केंद्रात लावायला तेल देतात ते मी आणून ठेवीन, घरी आल्यावर कपडे लगेच गरम पाण्यात आणि आंघोळ साबण लावून, काखेत जांघेत कानामागे बघायचं. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, कळवायचं. शॉर्ट्स घालून आलास तर मी तुला गाडीतून उतरू देणार नाही, मग तू सव्वीस वर्षांचा असलास तरी. साप चावला तर बांधायचं नाही, कापायचं नाही, हात पाय न हलवता १०८ ला फोन.

आणि खरेदीचं. चाकू ते लोक देतात, दोन मीटनंतर तुझा हात कसा चालतो ते कळल्यावर घे, तोपर्यंत आजीचा कोयता आहे, मी त्याला धार लावून खोबरेल चोळून ठेवलाय, इथल्या हवेत पोलाद दोन दिवसांत गंजतं. बोथट हत्यार जास्त कापतं कारण जोर लावावा लागतो, हे मी बोटावर शिकले.

बाबू, तू बारावीत होतास तेव्हा फिजिक्स तुला जूनपासून समजत नव्हतं आणि तू फेब्रुवारीत सांगितलंस. आठ महिने रोज दार लावून बसायचास आणि आम्हाला वाटायचं पोरगा अभ्यास करतोय. मी तुझ्यावर तेव्हा खूप ओरडले, आता वाटतं ओरडायला नको होतं, हे तू माझ्याकडूनच घेतलंस, घरात मला कधी "मला येत नाही" म्हणताना तू ऐकलंच नाहीस तर तू कुठून शिकणार. नोकरीत पण तुझं तसंच चाललंय असं तुझ्या आवाजावरून वाटतं, नवीन टीममध्ये गेल्यापासून रात्री एक एक वाजेपर्यंत एकटाच बसतोस. मी विचारत नाही, तू सांगशील तेव्हा सांग.

पण मीटला आलास की पहिल्याच रिंगणात हात वर कर. मी बाजूलाच असेन आणि मी पण करीन, मला करवत अजून सरळ चालवता येत नाही आणि अरणीसारखं लाकडावर लाकूड घासून आग काढायचं तर अजून एकदाही जमलेलं नाही, नुसता काळा भुसा पडतो आणि खांदे दुखतात. तुला जमलं तर मला दाखव.

शनिवारी रात्रीची बस घे, रविवारी पहाटे म्हापशाला उतर, मी बाबांना गाडी घेऊन पाठवते, तिथून आठपर्यंत आपण बागेत पोचतो. तुझ्यासाठी वेगळा पत्र्याचा डबा केलाय, त्यात सोडणाची किशी चुलीवरच्या फळीवर सुकत ठेवलीय, मधून मधून हलवते. येताना फक्त लांब मोजे आण, फुटबॉलचे होते ना तुझे, ते.

तुझी,
आई

ता. क. मी पाठवलेला खोबऱ्याच्या लाडवांचा डबा अजून परत आला नाही, तो पण आण.