हंगामी वसतिगृह टोळी निघायच्या आधी उघडा

मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य,

स. न. वि. वि.

शिरूर कासार, पाटोदा, वडवणी, धारूर या बीडच्या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात, त्या मार्च-एप्रिलमध्ये परततात. पोरांचे दुसरे सत्र उसाच्या फडातच जाते. त्यासाठीच हंगामी वसतिगृहे आहेत: मूल आजी-आजोबांकडे राहते, दोन वेळचे जेवण शाळा व्यवस्थापन समिती देते. योजना चांगली आहे, पण मंजुरी दिवाळीनंतर आली की तिचा काही उपयोग नाही. जेवणाची खात्री नसेल तर आई-बाप मूल मागे ठेवत नाहीत. एकदा फडाजवळच्या कोपीवर (झोपडीवर) गेलेले मूल माघारी आणून सोडायचे, तर दोन-तीन दिवसांची तोड बुडते.

याद्यांसाठी स्थलांतराची वाट कशाला पाहायची? टोळी जमवणारा मुकादम उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) पावसाळ्यातच वाटतो. कोणत्या घरातून किती कोयते (तोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या) जाणार, हे ऑगस्टमध्ये अख्ख्या गावाला ठाऊक असते. शिक्षकांनी तेव्हाच ग्रामसेवकाकडच्या नोंदींशी यादी ताडून पाहावी, १५ सप्टेंबरपर्यंत मंजुरी द्यावी आणि पहिल्या महिन्याचे पैसे समितीच्या खात्यावर आगाऊ जमा करावेत. किराणा उधारीवर आणायची वेळ आली की पहिला फटका डाळीला आणि भाजीला बसतो.

मुलींचे दुखणे वेगळे आहे. धाकटे भावंड सांभाळायला म्हणून थोरलीला सोबत नेतात, त्यामुळे गावातली अंगणवाडीही वसतिगृह उघडेल त्याच तारखेपासून जास्त वेळ चालली पाहिजे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला रात्री एकट्या म्हातारीच्या भरवशावर ठेवायला घर धजावत नाही; मग एक तर फड, नाही तर लग्न. तिला मुक्कामाची सोय हवी. शिवाय आठवीनंतर हंगामी वसतिगृहाचा आधार तुटतो. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे सामाजिक न्याय विभागाने २०२१ मध्ये मंजूर केली. आठवी संपणाऱ्या प्रत्येक मुलामुलीचा अर्ज शाळेनेच मे महिन्यात तिकडे पाठवावा, इतका समन्वय आपण घडवून आणू शकता.

नववीतली ही गळती घराला फार महागात पडते. उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते, आणि ती फेडायला घरातला पंधरा वर्षांचा पोरगा कोयता उचलतो.

जी मुले जातातच, त्यांना कारखान्याजवळच्या शाळेने दाखल्यासाठी अडवू नये. शिक्षण हक्क कायद्याने तशी मुभाच नाही. मात्र बेळगाव, बागलकोटकडे गेलेल्या मुलांपुढे जवळची शाळा बहुधा कन्नड असते. त्या टोळ्यांची गावे मंजुरीच्या यादीत सर्वांत वर घ्यावीत.

आपले,
ऊसतोड पट्ट्यातील शिक्षक व कार्यकर्ते