बुंदीची कोंबडी आणि तुझा रूपक

सांगली, रविवार

प्रिय बंड्या,

मी पाठवलेलं रेकॉर्डिंग ऐकून "कुणाचा गळा आवळतोयस लेका" असा तुझा मेसेज आला, तर तो गळा रबरी कोंबडीचा आहे. पिवळी, लांब मानेची, गणपती पेठेतून आणलेली, आणि वाजवणारी आमची कुत्री बुंदी. मी काहीच केलं नाही, मोबाइल सोफ्याखाली सरकवला आणि रेकॉर्डिंग चालू ठेवलं. आता त्याचा एक छोटा पीस करायचाय आणि तबला तुझाच पाहिजे, फोनवर सांगितलं असतं पण तू निम्मा वेळ हसण्यात घालवतोस म्हणून लिहितोय.

आधी वाद्य समजून घे. कोंबडीच्या नरड्यात प्लॅस्टिकची बारकी शिट्टी असते, आत पातळ पत्ती, हवा गेली की ती थरथरते, म्हणजे मूळ कारभार पेटीसारखाच. पण पेटीतली पत्ती आपला सूर सोडत नाही आणि ही बया जोर वाढला की वर चढत जाते. बुंदी पुढच्या दातांनी नुसतं कुरतडत असते तेव्हा बारीक चूं चूं, दाढेत धरून दाबलं की सरळ मींड घेऊन, म्हणजे सूर न तोडता घसरत, वर, आणि सोडलं की हवा आत ओढताना लांब रडका सूर. पेटीवर लावून बघितला तर काळी दोन आणि पांढरी तीनच्या मधे कुठंतरी बसतो, म्हणून पेटीचा नाद सोडला आणि तानपुऱ्याचं अ‍ॅपच कोंबडीला जुळवून घेतलं. मिरजेतल्या कुणा तानपुरेवाल्याला हे कळलं तर तो मला दुकानात उभं करणार नाही, पण असो.

मिरजेवरून आठवलं, गवई अब्दुल करीम खाँसाहेबांचा टिपू मियाँ माहितीये ना तुला? त्यांचा कुत्रा रे! त्याला खाँसाहेबांनी सुरात गळा लावायला शिकवलं होतं आणि लोकांसमोर बसवलंही होतं. दर्ग्याच्या उरुसाला आपण रात्रभर मांडी घालून एवढं गंभीर तोंड करून ऐकतो, आणि ज्यांच्या नावानं ऐकतो ते, किराणा घराण्याचे एवढे सुराचे वेडे, कुत्र्याला घेऊन रियाज करत होते. मला तर हे लई आवडतं. आणि सोपं काम नाही ते. लांडगे एकत्र ओरडतात तेव्हा एकमेकांचा सूर टाळतात म्हणे, प्रत्येकाचा वेगळा, आणि बुंदी पण भोंगा वाजला की बरोबर त्याच्या बाजूचाच सूर धरते, मुद्दाम केल्यासारखा. अशा जातीला षड्जावर आणायचं म्हणजे गुरू तसाच पाहिजे.

तिकडं इंग्लंडात पण एक झालंय. एल्गार नावाच्या तिथल्या संगीतकाराचं 1899 चं एनिग्मा व्हेरिएशन्स, ऑर्केस्ट्रासाठीचं, त्यात मित्रांवर एकेक तुकडा आहे, 11 वा सिंक्लेअर नावाच्या हेरफर्डच्या ऑर्गनवाल्याच्या नावानं, पण आत आहे त्याचा बुलडॉग डॅन. डॅन वाय नदीच्या काठावरून घसरून पाण्यात पडला (आपली वाई नव्हे), प्रवाहाच्या उलट पोहत गेला आणि वर आल्यावर आनंदानं भुंकला, सिंक्लेअर म्हणाला याला चाल लाव, एल्गारनं लावली. पहिल्याच मात्रांत धपकन पडतो बघ! मग पोहणं, आणि भुंकणं येतं पाचव्या बारच्या (म्हणजे मात्रांच्या पाचव्या गटाच्या) उत्तरार्धात. एल्गारनं स्वतः लिहिलंय की या तुकड्याचा ऑर्गनशी काही संबंध नाही. पियानोवाल्या शोपँचा एक वॉल्ट्झ (नाचाची चाल) पण शेपटीमागं फिरणाऱ्या कुत्र्यावरून सुचला असं सांगतात, पण मला डॅनच भारी वाटतो, कारण त्याला भुंकायला वेळ दिलाय. आधी पडू दिलंय, पोहू दिलंय.

आणि नेट उघडलं की काय दिसतं, भुंकण्याचे तुकडे कापून कीबोर्डवर बसवलेले आणि खाली धाडधाड बीट. पहिल्यांदा हसू येतं, मग डोकं उठतं. कुत्रं असं वाजवतच नाही रे. बुंदी चार-पाचदा पटापट दाबते आणि एकदम थांबते, कोंबडी तोंडात तशीच, कान वर, आणि आपल्याकडं बघते, की कोण येतंय हिसकावायला. आपण हललो की परत चालू. हे थांबणं कापलं तर उरतो नुसता आवाज, खेळ गेला.

म्हणून मला रूपकच पाहिजे, सात मात्रांचा ताल. आठ मात्रांचा केहरवा लावून बघितला, लग्नाच्या वरातीसारखं झालं. रूपकात समेवरच, म्हणजे पहिल्याच मात्रेला, खाली, म्हणजे डग्ग्याचा घुमारा नाही, आणि मी तिच्या थांबण्याच्या जागा फार ओढाताण न करता समेवर आणल्यात, म्हणजे लय जरा मागंपुढं होईल, ती तू तिच्या मागं जाऊन सांभाळ, तिला तुझ्या ठेक्यात कोंबू नकोस. मधे एकदा आईचा आवाज आलाय, "अगं सोड ते मेलं", तो मी ठेवलाय, अगदी सुरात आलाय.

नवी फाइल पाठवतोय, इअरफोन लावून ऐक, मोबाइलच्या स्पीकरवर तानपुरा गायब होतो. आणि घरी मांजर आहे तुझं, दार लावून घे. पहिली दोन आवर्तनं, म्हणजे तालाचे फेरे, समेवर काहीच वाजवू नकोस, तिथला तीं हा बोल सुद्धा नको. तिसऱ्याला ती कोंबडी सोडते, तो रडका सूर संपला की ये. गुरुवारपर्यंत ट्रॅक पाठव, दायाँ (उजव्या हाताचा तबला) कोंबडीच्या सुरात लावून घे, नाहीतर परत म्हणशील कुत्री बेसूर आहे.

तुझा,
पप्या