निखिलच्या मुलाखतीबद्दल

आर्वी,
१४ मे

प्रिय सुषमा,

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग विचारात पडले. निखिलला व्हेटर्नरीला जायचंय आणि तू लिहितेस, ‘त्याची मुलाखतीची तयारी करून घे.’ अगं, आपल्याकडे प्रवेशाला मुलाखत नसतेच! तो बघतोय ते व्हिडिओ विलायतेतले असणार. तिकडे बऱ्याच कॉलेजांत पोरांना एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरवतात. एक जण विचारतो, कुत्र्याच्या मालकाकडे उपचाराला पैसे नाहीत, काय कराल? दुसरा म्हणतो, वाईट बातमी कशी सांगाल ते करून दाखवा.

आपला सगळा कारभार नीट परीक्षेवर. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजीत मिळून खुल्या वर्गाला किमान ५० टक्के, मग नीटच्या गुणांवर माफसूची, म्हणजे आपल्या राज्याच्या पशुविज्ञान विद्यापीठाची, गुणवत्ता यादी. १५ टक्के जागा देशपातळीवर भरतात, त्यांची प्रक्रिया वेगळी, तिकडेही लक्ष ठेवा. कागदपत्रं तपासली, फी भरली की झाला विद्यार्थी. पुढे इंटर्नशिपचं वर्ष धरून साडेपाच वर्षं जातात. तेवढ्या काळात कोणी एकदाही विचारत नाही की बाबा रे, तू इथं आलास कशाला. मला पहिली मुलाखत द्यावी लागली ती थेट एमपीएससीची, पशुधन विकास अधिकारी व्हायला. तोवर डिग्री हातात. त्या वेळी ‘मला हे काम झेपणार नाही’ असं उमगून तरी काय उपयोग होता!

तरीही प्रवेशाला मुलाखत सुरू करा असं मी म्हणणार नाही. वशिला कुठून आत शिरेल ते तुलाही ठाऊक आहे. शिवाय तुझा निखिल इंग्रजीत फाडफाड बोलेल आणि इथल्या तांड्यावरची एखादी पोर, जिला शेळी व्यायला लागली की काय करायचं ते आठव्या वर्षापासून येतं, ती मान खाली घालून बसेल. आमच्या वर्गात एमबीबीएस हुकलं म्हणून आलेले कितीतरी होते. त्यातले काही आज माझ्याहून चांगले सर्जन आहेत, काहींनी मात्र कॉलेज सुटल्यावर जनावराला हात लावला नाही. गुणांच्या यादीला हा फरक कळत नाही. म्हणून मुलाखत घ्यायची तर ती घरीच घ्या, आणि सीट पक्की करायच्या आधी.

मी घेतली तर काय विचारीन? मागच्या महिन्यात रात्री फोन आला, ‘मॅडम, गाय अडली.’ गेले तर कालवडीचं पहिलंच वेत. वासराचे पुढचे दोन्ही पाय बाहेर आणि डोकं मागे वळलेलं. गोठ्यात बल्ब नाही, घरधनीण मोबाइलचा उजेड धरून उभी. खांद्यापर्यंत हातमोजा, त्यावर साबणाचं पाणी. हात आत असताना कळ आली की गर्भाशय मनगट असं आवळतं की बोटं बधिर होतात. कळ ओसरेपर्यंत नुसतं थांबायचं. मग पाय थोडे आत ढकलून जागा करायची, जबड्यात बोटं अडकवून डोकं वळवायचं, दोर लावायचा. आणि हे चालू असताना मालक कानाशी विचारत राहतो, ‘वाचंल ना मॅडम?’ गाय वाचली, वासरू मेलेलं निघालं. निखिलला विचार, मालकाला हे कोणत्या शब्दांत सांगशील? विलायतेतल्या टेबलावरचा तो प्रश्न इथं असा येतो.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड. तिकडे असाध्य दुखण्यातल्या जनावराला इंजेक्शन देऊन सोडवतात, त्यावर मुलांना मत विचारतात. इथं कंबरेतून बसलेल्या गाईबद्दल असं सुचवून बघ! अख्खं गाव पाप म्हणेल. ती पंधरा दिवस कुशीवर पडून झिजते, अंगावर जखमा होतात, मी जाऊन मलमपट्टी करते. माझं स्वतःचंही यावर मत अजून ठरत नाही. चटकन उत्तर देणाऱ्या मुलाची मला भीतीच वाटेल.

त्याला हेही सांग की या कामात रोग आपल्यालाही लागतो. गर्भपात झालेल्या गाईची वार उघड्या हाताने काढली तर ब्रुसेलोसिस होऊ शकतो, मग महिनोन्‌महिने ताप आणि सांधेदुखी. आणि कुत्र्या-मांजरांची आवड म्हणजे जनावरांची आवड नव्हे. आमच्याकडची गवळाऊ जातीची गाय दिसायला पांढरीशुभ्र, देखणी, पण अनोळखी माणूस दिसला की कान टवकारून शिंग रोखते.

त्याची नीट झालीच आहे, तर निकालापर्यंत घरी बसवू नकोस. पावसाळ्याआधी घटसर्प आणि फऱ्याची लस टोचायला आम्ही गावोगाव फिरतोय. बर्फाचा डबा उचलायला आणि रजिस्टरवर जनावरांच्या कानातल्या बिल्ल्यांचे नंबर लिहायला मला माणूस हवंच आहे. पुण्याची गाडी वर्ध्याला थांबते, तिथून आर्वीची एसटी मिळेल. टोपी, दुपट्टा आणि जुने बूट दे, नवे शेणात जातील. ऊन ४५ च्या वर चढतं म्हणून आम्ही पहाटे पाचला निघतो. तेवढं त्याला उठवतं का, ते आधी कळव.

काकूंच्या गुडघ्याचं काय झालं ते तू लिहिलंच नाहीस.

तुझी,
वैशू