दाव्याची गाठ

प्रिय गड्या,

इतकी वर्षं तुझे फोन टाळले. कामात होतो, रेंज नव्हती, काहीबाही सांगत आलो. खरं कारण आज लिहितो, कारण बोलायला गेलो की घसा दाटतो.

२०१९चा ऑगस्ट. कोल्हापुरात पंचगंगेला पूर. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी गेलं ५५ च्या वर. चिखलीत बोटी लागल्या तेव्हा मी गोठ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभा. दोन म्हशी सोडल्या, तिसरीचं दावं सुटेना. गाठ भिजून दगड झालेली. विळा कुठं वाहून गेला देव जाणे. नखं उलटी होईस्तोवर ओढत होतो, तेवढ्यात तू मागून काखेत हात घातलेस आणि मला बोटीकडं खेचलंस. तिचं नाक अजून पाण्याच्या वर होतं.

तेव्हापासून पत्र्यावर पाऊस वाजला की माझ्या मुठी आवळतात, पाय गार पडतात. रात्री दोनला उठून राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले ते मोबाईलवर बघायचं. पोरांवर उगाच खेकसायचं. लोक म्हणायचे, माणसं वाचली ना, बास. मीही तेच म्हणायचो.

शेवटी तुझ्या वहिनीनं शहरातल्या एका थेरपिस्ट मॅडमकडं नेलं. पुराचं काही सांगायचं नाही असं ठरवूनच गेलो होतो, आणि त्यांनी विचारलंच नाही! पाठ खुर्चीला टेकलेली कळते का, तळवे जमिनीवर कसे लागतात, एवढंच. पुढं कधीतरी त्यांनी पीटर लेविन या अमेरिकन मानसतज्ज्ञांची मांडणी सांगितली. संकटात अंग पळायला, झुंजायला सज्ज होतं. ते जमलं नाही तर गोठतं, आणि अर्धी राहिलेली धडपड अंगातच अडकून बसते. ती एकदम उपसायची नाही. उसाला दारं धरतो ना आपण, तसं थोडं पाणी सोडायचं, मुरू द्यायचं, मग पुढची सरी.

एकदा बाहेर पाऊस होता आणि मुठी वळल्या. मॅडम म्हणाल्या, हातांना जे करायचंय ते करू दे, पण अगदी सावकाश. बोटं आपोआप गाठ सोडावी तशी हलायला लागली. दंड थरथरले. मी घाबरलो, त्या म्हणाल्या, थरथरू दे. बऱ्याच वेळानं मोठी जांभई आली आणि तळहात गरम झाले. कितीतरी पावसाळ्यांनी गरम झाले, गड्या.

मग दुसरी वाट धरली. रिचर्ड श्वार्ट्झ या अमेरिकन थेरपिस्टनी १९८०च्या दशकात मांडलेली, इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स म्हणतात तिला. मनात एकटा माणूस नसतो, भरलं घर असतं. मोबाईल बघत जागणारा हा राखणदार. खेकसणारा तो, दुखणं वर आलं की मिळेल ते ओतून आग विझवणारा. आणि त्यांच्या पाठीशी लपवलेला एक, ज्याला फार लागलंय. यातल्या कुणालाच हाकलायचं नाही. राखणदाराला विचारलं, झोपलास तर काय होईल? आतून उत्तर आलं, पाणी येईल आणि दावं सुटणार नाही. मी ढसाढसा रडलो.

त्याला विचारून मागच्याकडं गेलो. तो अजून गोठ्यातच उभा होता. दुःख असेल असं वाटलं होतं, पण तो रागावलेला होता. तुझ्यावर. अजून एक ओढ दिली असती तर गाठ सुटली असती, यानं मला ओढून नेलं, हेच धरून बसलेला. कुणी ऐकून घेतलं नव्हतं त्याचं. मीसुद्धा नाही, म्हणून तर तुझा फोन उचलवत नव्हता.

त्याचं सगळं ऐकल्यावर मला त्या दिवशीचे तुझे हात आठवले. तेही कापत होते. तुला त्या रात्री झोप लागली का, हे मी एकदाही विचारलं नाही. आता विचारतोय.

मुठी अजून आवळतात, पण सुटतातही. गौरी-गणपतीला ये. गोठ्यात नवी म्हैस आहे. तिला सुरगाठ मारतो, एका ओढीत सुटते.

तुझाच