गावाचा इतिहास लिहिताना आधी जुनी हद्द पाहा

महोदय,

बडोद्याच्या आसपासच्या गावांच्या स्मरणिकांत पहिली चार पाने गायकवाड घराण्याची असतात आणि गाव पाचव्या पानावर उगवते. कधी कधी ते गाव गायकवाडीत नव्हतेच! पादरा, डभोई, सावली गायकवाडी. पण जंबुसर इंग्रजी भरूच जिल्ह्यात, छोटा उदेपूर वेगळे संस्थान, आणि संखेड्याच्या अंगाला मेवासी ठाकोरांची चिमुकली राज्ये. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याआधी गाव कोणाकडे होते, यावर त्याचे कागद कुठे सापडतील हे ठरते. मुंबई गॅझेटिअरचा खंडही त्यावरूनच निवडावा: गायकवाडीसाठी सातवा (१८८३), छोटा उदेपूर आणि मेवासी राज्ये ज्यात येत त्या रेवाकांठ्यासाठी सहावा (१८८०), भरूचसाठी दुसरा (१८७७). बडोदे संस्थानचे स्वतःचे दोन खंडांचे गॅझेटिअर १९२३ चे आहे. मात्र गॅझेटिअर बहुधा कसब्याच्या वेशीवरच थांबते.

पुढे मोडी कागद. अक्षर महिन्या-दोन महिन्यांत लागते. चूक होते ती तारखेत. शुहूर सन (मराठी दप्तरातली जुनी कालगणना) मृग नक्षत्रापासून सुरू होतो आणि अरबी शब्दांत लिहिलेला असतो. ‘समान अशरीन मयातैन व अलफ’ म्हणजे ८, २०, २०० आणि १०००, एकूण १२२८. इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला यात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे चैत्रातला कागद १८२८ चा. हाच आकडा हिजरी धरला तर कागद १८१३ वर जातो आणि दुसऱ्या सयाजीरावांच्या काळातली गोष्ट आनंदरावांच्या नावावर चढते. रकमांचेही तसेच. जुन्या हिशेबातला रुपया बाबाशाही, म्हणजे बडोदे संस्थानचा, इंग्रजी रुपयापेक्षा हलका. त्याची थेट तुलना करू नये. बिघाही गावोगाव वेगळा.

तिसऱ्या सयाजीरावांच्या काळापासूनच्या कागदांत गुजरातीशिवाय पान हलत नाही. जमिनीसाठी ‘एनीआरओआर’ या सरकारी संकेतस्थळावर जुने सातबारा आणि हक्कपत्रक (नमुना ६) स्कॅन करून ठेवले आहेत. सातबाऱ्यावरचा नोंध (फेरफार नोंद) क्रमांक घेऊन हक्कपत्रकात जायचे, तिथून आधीची नोंध, असे मागे मागे. रेसिडेन्सीचा (बडोद्यातल्या इंग्रज रेसिडेंटच्या कचेरीचा) इंग्रजी पत्रव्यवहार राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’वर शोधावा, गावाचे नाव तीन-चार स्पेलिंगांनी टाकून पाहिल्याशिवाय ‘काही नाही’ म्हणू नये.

आणि पादरावरचे, म्हणजे गावाच्या वेशीबाहेरचे, पाळिये (वीरगळ)! त्यांवर खडू किंवा पीठ चोळून फोटो काढणारे उत्साही वीर दगडाचे नुकसान करतात. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात अक्षर आपोआप उठते. त्यावरचा संवत गुजराती, कार्तिकात बदलणारा: कार्तिक प्रतिपदेपासून डिसेंबरअखेरपर्यंत ५७ वजा करावेत, एरवी ५६. शेंदराखाली आकडा झाकलेला असेल तर खरवडू नये. ज्या घरातून त्या वीराची पूजा होते तिथे विचारावे आणि त्यांच्या बारोटाची (वंशावळ राखणाऱ्या भाटाची) वही पाहायला मिळते का ते बघावे.

— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे