धूळ आम्ही पुसतो, ती कुणाची ते तुम्ही सांगा

मा. पर्यावरणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

मी चेंबूरला तिसऱ्या मजल्यावर राहतो. घराची एक खिडकी रस्त्याकडे, दुसरी मागच्या सोसायटीकडे, तिथे रिडेव्हलपमेंट चालू आहे. सकाळी ओल्या फडक्याने पुसायला घेतलं की फरक कळतो. मागची धूळ राखाडी, बोटाला खरखरीत. रस्त्याकडची काळी, चिकट, साबणाशिवाय फडक्यातून निघत नाही. बायको म्हणते, "संशोधन झालं असेल तर गॅलरीपण पुसा."

पण फडक्यावर दिसते ती जाड धूळ. फुप्फुसात खोलवर उतरतात ते अडीच मायक्रॉनहून बारीक कण, ते कुठल्या फडक्याला दिसायचे? त्यातले बरेचसे जमिनीवरून उडालेलेही नसतात. गाड्या, कारखाने, वीजकेंद्रं यांचे वायू हवेतच एकत्र येऊन ते तयार होतात. रस्त्यावर टँकरने पाणी मारलं तरी त्यांना काही फरक पडत नाही.

हे कण कुणाचे, ते ओळखता येतं. पंपाने फिल्टरमधून चोवीस तास हवा ओढायची आणि फिल्टर प्रयोगशाळेत न्यायचा. सिलिकॉन, ॲल्युमिनियम, कॅल्शियम निघालं तर माती-सिमेंटकडे बोट. व्हॅनेडियम आणि निकेल एकत्र आले तर जड इंधन तेल, म्हणजे बहुधा जहाजं किंवा बॉयलर. लेव्होग्लुकोसन सापडलं तर लाकूडफाटा, पालापाचोळा जळलाय. मीठ निघालं तर ते आपल्या समुद्राचं, त्याला नोटीस पाठवता येत नाही. मग गणिताने प्रत्येकाचा वाटा काढायचा.

हे काही नवीन नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सहा शहरांचा असा अभ्यास करून २०११ मध्ये अहवाल दिला, त्यात मुंबई होती. पण तेव्हा शहरात मेट्रो धावत नव्हती, कोस्टल रोड नव्हता आणि गल्लीगल्लीत इमारती पाडून टॉवर उभे राहत नव्हते. एवढ्या जुन्या हिशोबावर आज कुणाला दोषी धरायचं?

दरम्यान कारवाई चालू आहे. २०२३ मध्ये महापालिकेने सत्तर मीटरहून उंच इमारतींच्या साईटभोवती ३५ फुटी पत्रे लावायला सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने बेकऱ्यांना सहा महिन्यांत लाकूड-कोळसा सोडायला सांगितलं. दोन्ही योग्यच असतील. पण आमच्या एम पश्चिम प्रभागात पावाच्या भट्टीचा वाटा किती आणि माहुलच्या रिफायनऱ्यांचा किती, हे मला कुठेच वाचायला मिळत नाही. ज्याची चिमणी रस्त्यावरून दिसते तो आधी सापडतो, असं होऊ नये. हवा निर्देशांकाचा आकडा रोज कळतो, पण ते वीजबिलात नुसती रक्कम छापून युनिट न दाखवण्यासारखं आहे.

मागणी एवढीच, की माहुल, देवनार, बोरिवली, कुलाबा इथले फिल्टर वेगवेगळे तपासावेत. शहराची सरासरी आमच्या काही कामाची नाही. तपासणी दरवर्षी व्हावी आणि हिवाळा त्यात हवाच, कारण तेव्हा खारे वारे उशिरा येतात आणि सकाळी सगळं खालीच साचून राहतं. निकाल मराठीत, प्रभागवार, वॉर्ड ऑफिसात लावावेत.

पुढच्या महिन्यात आमच्या सोसायटीची सभा आहे, मागच्या साईटविरुद्ध तक्रारीचा ठराव येणार आहे. त्याआधी वाटा कळला तर बरं होईल. आमच्याही आवारात एक डिझेल जनरेटर आहे.

कळावे,
चेंबूरचा एक रहिवासी