स्टॅटिस्टिक्सच्या मॅडमना, पेपर छापून आल्यावर

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

पेपर छापून आला. शेवटी, संदर्भांच्या आधी, आभारांसाठी जी जागा असते तिथे तुमच्यासाठी एक ओळ आहे. त्या ओळीलाही तुमची लेखी संमती लागली, आणि ती देताना तुम्ही 'मोलाची' हा शब्द खोडून टाकलात. जर्नलच्या कागदावर तुमचं चाललं, इथे चालू देणार नाही.

हे पत्र उघड लिहितेय ते मुद्दाम. आमच्या ऑर्थोचे, म्हणजे तारा लावून दात सरळ करण्याच्या शाखेचे, पदव्युत्तर विद्यार्थी तुमच्यासारख्यांच्या दारात येतात तेव्हा सगळं होऊन गेलेलं असतं. पेशंट झाले, दातांच्या साच्यांची मॉडेलं मापून झाली, प्रबंध नाशिकला विद्यापीठात जमा करायची तारीख तोंडावर आली, की पेनड्राइव्हवर एक्सेलची फाइल घेऊन यायचं आणि म्हणायचं, "मॅडम, एवढं सिग्निफिकंट करून द्या ना." म्हणजे दिसलेला फरक योगायोगाचा नाही असं गणिताने दाखवून द्या. असं करून देणारे आहेतही, ठोक भावात. तुम्ही मला बसवलंत ते पहिला पेशंट घेण्याच्या आधी. त्यामुळे आज कुणी विचारलं की ऑर्थोच्या चांगल्या जर्नलला लेख पाठवायचा तर लिहायला कुठून घ्यायचं, तर मी सांगते की लिहायला घ्याल तेव्हा तीन चतुर्थांश लेख तयार झालेला असतो, किंवा कायमचा बिघडलेला असतो.

इतर वाचकांसाठी विषय थोडक्यात. दात पुढे आलेले असले की पुष्कळदा दोन्ही बाजूंच्या पहिल्या उपदाढा काढून त्या जागेत सुळे मागे ओढतात. सुळा महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. म्हणजे नुसतं हे काम काही महिन्यांचं, आणि पेशंटचा पहिला प्रश्न 'तारा कधी निघणार' हाच. 2013 साली न्यूयॉर्कच्या एका गटाने अमेरिकन जर्नल ऑफ ऑर्थोडॉन्टिक्समध्ये असं मांडलं की सुळ्याच्या मागच्या हाडाला बारीक भोकं पाडली तर त्याचा वेग 2.3 पट होतो. कल्पना अशी, की हाडाला छोटी इजा झाली की तिथे सूज येते, हाड विरघळण्याची आणि नव्याने बनण्याची क्रिया जोर धरते, दात लवकर सरकतो. पुढच्या काही चाचण्यांत मात्र हा फायदा दिसला नाही. आम्हाला तेच आमच्या पेशंटवर पाहायचं होतं: एका बाजूला भोकं, दुसऱ्या बाजूला नाहीत, तोंड एकच.

'तोंड एकच' यावर तुम्ही मला जी शिकवणी दिलीत ती कुठल्याही पुस्तकात मला इतकी सरळ भेटली नव्हती. उजवा आणि डावा सुळा एकाच माणसाचे. तो माणूस हळू बरा होणारा असेल तर दोन्ही बाजू हळू. मग दोन बाजूंना दोन वेगळे पेशंट धरून आकडे मांडले तर एकाच माणसाला जनगणनेत दोनदा मोजल्यासारखं होतं. विश्लेषण जोडीनेच करायचं, आणि पेशंट किती लागतील तो हिशोबही जोडीनेच. मग तुम्ही 2017 सालचा बीएमजेमधला, म्हणजे ब्रिटिश मेडिकल जर्नलमधला, एक लेख हातात ठेवलात. कॉन्सॉर्ट म्हणजे चाचण्यांचे अहवाल कसे लिहावेत याचं मार्गदर्शन; एकाच शरीरावर दोन उपचार करणाऱ्या चाचण्या कशा लिहाव्यात याची ही त्याची पुरवणी. "पहिलं नाव वाच," म्हणालात. निकोलाओस पँडिस, स्वतः ऑर्थोडॉन्टिस्ट. अमेरिकन जर्नलमध्ये संख्याशास्त्राचे छोटे छोटे लेख लिहिणारे तेच. "तुमच्यातल्याच माणसाने लिहून ठेवलंय, आणि तुम्ही मला विचारता!"

पाकिटांची गोष्ट मी आमच्या पोरांना नेहमी सांगते. कुठल्या बाजूला भोकं पाडायची ते चिठ्ठीवर, चिठ्ठी बंद पाकिटात, पाकिटांवर क्रमांक. स्टेशनरीच्या दुकानातून मागवलेली पाकिटं तुम्ही एकेक करून ट्यूबलाइटसमोर धरलीत. पांढरी बाद. खाकीतून 'डावी'ची वेलांटी पुसट दिसली, तीही बाद. शेवटी खाकी पाकिटात चिठ्ठीभोवती काळ्या कागदाची घडी घालून तुम्ही स्वतः बसून ती चिकटवलीत, आणि गठ्ठा आमच्या विभागात न ठेवता तुमच्या कपाटात ठेवलात. पेशंट खुर्चीवर बसला, जागा बधिर झाली, मग फोन करायचा, आणि तुमचा शिपाई एक पाकीट घेऊन यायचा. आमच्या विभागात तेव्हा यावर बरेच विनोद झाले. लेखात या सगळ्याचं दीड वाक्य झालं. पण जर्नलसाठी लेख तपासणाऱ्या रिव्ह्यूअरने यादृच्छिक वाटपाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही, तो त्या दीड वाक्यामुळे.

सीटीआरआय, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही, तिथल्या नोंदणीचंही तसंच. एथिक्स कमिटीचं पत्र हातात आल्यावर सगळ्यांना पेशंट बोलावण्याची घाई होती. तुम्ही कमिटीवर होतात, तरी म्हणालात, "नंबर आल्याशिवाय एकही भोक पाडायचं नाही." 1 एप्रिल 2018 पासून ही नोंदणी पहिला पेशंट घेण्याआधीच करावी लागते, नंतर करतो म्हणून चालत नाही. आणि बहुतेक चांगली जर्नल्स तो नंबर आणि तारीख दोन्ही पडताळतात. तारीख उलटी पडली तर काम कितीही चांगलं असो, लेख दारातूनच परत. हे कळेपर्यंत अनेकांची वर्षं गेलेली मी पाहिली आहेत.

मापं घेतानाचे तुमचे दोन शब्द माझ्या वर्गात आता म्हणीसारखे झालेत. डिजिटल कॅलिपर 0.01 मिलिमीटरपर्यंत आकडा दाखवतो, म्हणून मी तक्त्यात दोन दशांश स्थळं ठेवली होती. तुम्ही विचारलंत, "कॅलिपर शंभरांश दाखवतो गं, तुझा हात दाखवतो का?" मग मॉडेलांवरच्या नावांवर कागदी पट्ट्या चिकटवून नवे क्रमांक टाकले, काही मॉडेलं दोन आठवड्यांनी, आधीचे आकडे न बघता, पुन्हा मापली आणि दोन्ही वेळच्या मापांतून डालबर्गची चूक काढली. मापांतल्या फरकांचे वर्ग, त्यांची बेरीज, भागिले मापांच्या जोड्यांची दुप्पट, त्याचं वर्गमूळ. सूत्र 1940 चं, आणि आमच्या शाखेत त्यावर सविस्तर बोललं गेलं ते ह्यूस्टनच्या 1983 सालच्या लेखात. त्यातून येतो तो आकडा सांगतो की तुमच्या हाताचाच हेलकावा किती. दोन बाजूंतला फरक त्या हेलकाव्याच्या आत बसत असेल तर पी व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) काहीही येवो, खुर्चीवरच्या पेशंटला त्याचा उपयोग शून्य. अनेक छापील लेखांत हे गणित शेवटच्या परिच्छेदात उरकलेलं असतं, किंवा नसतंच.

निकाल आला तेव्हा विभागात थोडी शोककळा होती. दोन बाजूंत सांगण्यासारखा फरक नव्हता. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने काही पेशंट 'वगळून बघ' असंही सुचवलं. तुम्ही त्यावर काहीच बोलला नाहीत, फक्त वगळलेल्यांची यादी मागितलीत, कारणांसकट. तेव्हा ती सूचना आपोआप मिटली. खरी गळती झाली होती ती मात्र तुम्ही एकही झाकू दिली नाहीत. कुणी इंजिनिअरिंगला पुण्याला गेला. एका मुलीचं लग्न ठरलं आणि साखरपुड्याच्या फोटोंसाठी घरच्यांनी तारा काढून घेतल्या. कॉन्सॉर्टच्या आराखड्यातल्या चौकोनात आम्ही 'रुग्णाच्या विनंतीवरून उपचार थांबवला' असं लिहिलं. त्या चौकोनाकडे पाहिलं की मला अजून हळदीचा वास येतो.

आणि 'दोन्ही पद्धती समान आहेत' हे माझं वाक्य. त्यावर तुम्ही नुसती काट मारली नाहीत, मला समजावलंत. फरक सापडला नाही म्हणजे फरक नाही असं होत नाही. ब्लँड आणि अल्टमन, ज्यांच्या नावाचा आलेख आम्ही मापं जुळतात का हे बघायला वापरतो, त्याच दोघांनी 1995 साली बीएमजेमध्ये हेच बजावलं होतं. म्हणून आम्ही 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल दिला आणि लिहिलं की वेगात फरक असलाच तर तो जास्तीत जास्त एवढा असू शकेल, आणि तेवढ्यासाठी पेशंटच्या हाडाला भोकं पाडावीत का ते वाचणाऱ्या डॉक्टरने ठरवावं. आख्ख्या लेखात मला सर्वांत आवडणारं वाक्य ते आहे, आणि ते अर्धं तुमचं आहे.

लिहिण्याच्या टप्प्यातलं बरंचसं काम कंटाळवाणं होतं, ते सगळं इथे सांगत नाही. संदर्भांची मांडणी, जर्नलांची संक्षिप्त नावं, चित्रांचं रिझोल्यूशन, लेखकांची नावं वेगळ्या पानावर, एवढंच काय, वर्ड फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये राहून जाणारं कॉलेजचं नाव. पण फोटोंबद्दल सांगायलाच हवं. आमच्या शाखेत चेहऱ्याशिवाय केस दाखवता येत नाही, आणि डोळ्यांवर काळी पट्टी मारली की झालं असं आम्ही वर्षानुवर्षं धरून चाललो. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने ही पट्टी पुरेशी नाही असं स्पष्ट लिहिलेलं आहे. तुमचं म्हणणं त्याहून सोपं होतं: "तिच्या गल्लीतली कुणीही बाई हनुवटीवरून ओळखेल." उपचाराची संमती वेगळी आणि फोटो छापण्याची वेगळी, मूल अल्पवयीन असेल तर आईवडिलांची. तुम्ही सेफॅलोग्रामच्या, म्हणजे डोक्याच्या बाजूने काढलेल्या एक्स-रेच्या, कोपऱ्यातलं नाव आणि वयही शोधून काढलंत. फाइलच्या नावातच पेशंटचं आडनाव होतं, तेही.

पहिल्या जर्नलने लेख रिव्ह्यूअरकडे न पाठवताच परत केला. त्याच सुमारास 'आदरणीय प्रोफेसर' म्हणून आर्जवं करणारी, आठवड्यात छापून देतो म्हणणारी जर्नल्स इनबॉक्समध्ये रांग लावून होती. तुम्ही त्यांचा विषयही काढू दिला नाहीत.

दुसऱ्या जर्नलच्या रिव्ह्यूअरने एक गोष्ट मागितली जी तुम्ही मुद्दाम काढून टाकली होती: पहिल्या तक्त्यात, उपचार सुरू होण्याआधीच्या आकड्यांपुढे पी व्हॅल्यू. माझी तयारी होती देऊन टाकायची. रिव्ह्यूअरशी कोण वाद घालणार? तुम्ही म्हणालात, "चिठ्ठ्या टाकून बाजू ठरवल्यात ना? मग सुरुवातीला फरक दिसला तर तो योगायोगच, हे आपल्याला आधीच माहीत आहे. चाचणी कशाची घ्यायची?" उत्तरात आम्ही आधी त्यांचे आभार मानले, मग कॉन्सॉर्टचं मार्गदर्शन दाखवून नम्रपणे नकार दिला. प्रत्येक शेऱ्यापुढे आमचं उत्तर आणि ओळ क्रमांक, असा तुमचाच तक्ता. जिथे रिव्ह्यूअर बरोबर होते तिथे एका शब्दाचंही समर्थन नाही, नुसतं 'बदल केला आहे'. तो तक्ता मी आता विभागात सगळ्यांना देते. दुसऱ्या फेरीत तो मुद्दा पुन्हा आला नाही.

राहिली लेखकांच्या यादीची गोष्ट. आखणी तुमची, विश्लेषण तुमचं. तुमचं नाव लेखकांत हवं यावर मी अजूनही ठाम आहे. तिकडे ज्यांनी एकही मॉडेल हातात घेतलं नव्हतं अशा एकांचं नाव घालायला काहीजण सुचवत होते, आणि तुम्ही स्वतःचं काढायला सांगत होतात. संपादकांच्या समितीच्या चार अटींतली चौथी तुम्ही पुढे केलीत: लेखातल्या कुठल्याही भागाबद्दल प्रश्न आला तर तो सोडवला जाईल याची जबाबदारी. "उद्या कुणी मला अँकरेज लॉसबद्दल, म्हणजे सुळा मागे ओढताना दाढाच पुढे सरकतात त्याबद्दल, विचारलं तर मी काय सांगू?" त्या अटीने ते दुसरं नावही गळालं, आणि ते तुमच्या मनात आधीपासून होतं की नाही हे मी कधी विचारलं नाही. पण मॅडम, चौथ्या अटीचा अर्थ प्रत्येकाला सगळं यायलाच हवं असा होत नाही. तुमच्या भागाचं उत्तर तुम्ही आमच्यापैकी कुणाहीपेक्षा चांगलं दिलं असतं. पुढच्या लेखाच्या वेळी मी हे भांडण पुन्हा काढणार आहे.

पुढचा लेख म्हणाल तर, नव्या बॅचमधली एक मुलगी अलायनरवर, म्हणजे तारांऐवजी वापरायच्या पारदर्शक साच्यांवर, विषय घ्यायचा म्हणते. सिनॉप्सिस अजून कच्चा आहे, पेशंट एकही घेतलेला नाही. तुम्ही निवृत्त झालात हे माहीत आहे, तरी येत्या गुरुवारी दुपारी तिला घरी पाठवते. छापील प्रत तिच्याच हाती देतेय. प्रश्न तिला आधी लिहून आणायला सांगितलेत, आणि पाकिटं तुम्ही सांगाल तीच घ्यायची, हेही.

तुमची,
एक ऑर्थोडॉन्टिस्ट